कमी धावलेली जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या स्पोर्ट्स कारची जाहिरात उघडली की नजर आधी मीटरच्या आकड्यावर जाते. वीस-पंचवीस वर्षांची गाडी आणि रनिंग फक्त 18,000 किलोमीटर असं दिसलं की हात आपोआप फोनकडे वळतो. मालकाला फोन लावण्याआधी हे वाचून घ्या. अशी गाडी शोधणारे लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत.

गाडी कमी धावली आहे म्हणजे चांगलीच असणार ना?

काही बाबतींत हो. सिलिंडर, गिअर सहज पडू देणारे गिअरबॉक्समधले सिंक्रोनायझर, क्लच प्लेट, सीटचं लेदर, दाराच्या बिजागऱ्या, बोनेटवर खडे उडून पडलेले ठिपके हे सगळं किलोमीटरच्या हिशोबाने झिजतं. तिथे कमी रनिंगचा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण रबर, ब्रेक फ्लुइड, पेट्रोल, कूलंट, पत्रा आणि वायरिंग यांना मीटर कळत नाही, त्यांचं वय वर्षांनीच वाढतं. त्यात गाडी उभी राहिली की काही भाग चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होतात. बंद ठेवलेल्या घराला वाळवी आधी लागते, तसंच हे. म्हणून एवढ्या वर्षांत गाडी किती धावली यापेक्षा कशी धावली हे आधी विचारा. दर महिन्याला थोडी थोडी चालून 40,000 झालेली गाडी आणि पहिल्या तीन वर्षांत 18,000 करून पुढची पंधरा वर्षं कव्हरखाली उभी असलेली गाडी, यांत मी चालवण्यासाठी पहिली घेईन. दुसरीचा आकडा जाहिरातीत जास्त शोभतो एवढंच.

‘कमी रनिंग’ म्हणजे नेमकं किती?

ठरलेली रेषा नाही. वीकेंडला काढायची गाडी वर्षाला 3,000 ते 5,000 किलोमीटर चालली तर ते निरोगी म्हणता येईल. वर्षाला हजाराच्या खाली गेली की ती वापरातली गाडी राहत नाही, ठेवलेली गाडी होते. मग प्रश्नही वेगळे विचारावे लागतात: कुठे ठेवली होती, जमीन फरशीची की मातीची, हवा दमट होती का, पेट्रोलची टाकी भरून ठेवली होती की अर्धी, बॅटरीला चार्जर लावलेला होता का. ज्याने मनापासून गाडी ठेवली असेल तो या प्रश्नांची उत्तरं न अडखळता देतो.

उभ्या गाडीत बिघडतं तरी काय?

पेट्रोलपासून सुरुवात करू. ते काही महिन्यांत शिळं होतं. त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेलं चिकट होतं आणि इंजेक्टरच्या बारीक छिद्रांत वार्निशसारखं बसतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्या पाण्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि टाकी लोखंडी असेल तर तिथूनच गंज धरतो. शिवाय इथेनॉलचा विचार न करता बनवलेले जुने रबरी पाइप त्याने फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. गरम इंजिनावर पेट्रोलचा पाइप फुटला तर आग लागू शकते. जुन्या गाड्या जळण्याचं हे नेहमीचं कारण आहे, म्हणून या पाइपांच्या बाबतीत काटकसर करू नका.

ब्रेक फ्लुइडचंही तसंच. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 हे त्याचे तिन्ही प्रकार पाणी शोषतात. पाणी मिसळलं की उकळबिंदू खाली येतो आणि ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन आतून गंजून अडकतात. म्हणून गाडी चालो न चालो, हे फ्लुइड साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. उभ्या गाडीच्या बाबतीत नेमकं हेच राहून जातं.

सायलेन्सर आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या फेरीत ते वाफ होऊन निघून जातं. गॅरेजमधून काढून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणली तर ते थंड पाइपातच साचतं. तीच वाफ इंजिन ऑइलमध्येही उतरते.

क्रँकशाफ्टची आणि गिअरबॉक्सची ऑइल सील, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, कडेवर तेलाचा थर असतानाच मऊ राहतात. वर्षानुवर्षं कोरडी राहिली की कडक होतात. गंमत अशी की गाडी पाहायला जाल तेव्हा खाली एक थेंबही दिसणार नाही, आणि चार-पाचशे किलोमीटर चालवल्यावर गळती सुरू होईल. विकणाऱ्याने फसवलंच असेल असं नाही, त्यालाही हे माहीत नसेल. एसीच्या कॉम्प्रेसरचं सीलही असंच सुकतं आणि गॅस निघून जातो.

याशिवाय सस्पेन्शनचे बुश, इंजिन माउंटिंग, शॉक अब्सॉर्बर, रेडिएटरचे होजपाइप, दारांचे बीडिंग. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं निघणं आणि वायरिंग कुरतडलेलं असणं हेही उभ्या गाड्यांत नेहमीचं.

पण मालक म्हणतो, दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवतो. ते चांगलं ना?

त्याचा हेतू चांगला आहे, पण गाडीसाठी ही सवय वाईट आहे. दहा मिनिटांत कूलंट गरम होतं, ऑइल होत नाही. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं, पाणीही साचतं आणि ते उडून जायला पुरेशी उष्णता मिळत नाही. गिअरबॉक्स, व्हील बेअरिंग, ब्रेक, शॉक अब्सॉर्बर जागच्या जागीच राहतात. त्यापेक्षा महिन्यातून एकदा रस्त्यावर काढून अर्धा-पाऊण तास नीट चालवलेली बरी. तेही जमत नसेल तर चार्जर लावून, टाकी भरून, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवून शांतपणे उभी ठेवावी.

टायरवर नक्षी पूर्ण आहे. तरी बदलायचे?

वय पाहा. टायरच्या बाजूला DOT या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो आणि त्याच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: 2314 म्हणजे 2014 चा 23 वा आठवडा. शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर 2000 च्या आधीचा आहे. पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला छापलेला असतो आणि ती बाजू नेमकी आत असते, म्हणून टॉर्च घेऊन खाली वाकायची तयारी ठेवा. चारही टायर वेगवेगळे तपासा.

कित्येक वाहन कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात. टायर बनवणाऱ्या कंपन्या दहा वर्षं ही शेवटची मर्यादा धरतात. रबर कडक झालं की नक्षी कितीही खोल असली तरी पकड राहत नाही. 2013 मध्ये ज्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र दगावले, ती पोर्शे कॅरेरा जीटी कमी धावलेली होती आणि तिचे टायर नऊ वर्षांचे होते. तपासात मुख्य कारण अतिवेग हेच निघालं, पण जुन्या टायरांमुळे गाडीच्या ताब्यावर परिणाम झाला असावा असंही नोंदवलं गेलं. दोन माणसं गेली. मागच्या चाकांवर चालणारी ताकदवान गाडी जुन्या टायरवर टेस्ट ड्राइव्हलाही जोरात चालवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

टायमिंग बेल्टची मुदत 1,00,000 किलोमीटर लिहिली आहे. गाडी 20,000 चालली आहे. मग बेल्टचा विषयच नाही ना?

आहे, आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते. मुदतीच्या ओळीत किलोमीटरच्या शेजारी वर्षंही लिहिलेली असतात आणि दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं असतं. इंजिनाचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडायला लावणारा हा बेल्ट रबराचा आहे. तो तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उघडावं लागतं.

खर्च किती येईल ते गाडीवर ठरतं. फेरारी एफ355 मध्ये बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. तिच्यानंतर आलेल्या 360 मोडेनात सीटच्या मागचं झाकण काढून बेल्टपर्यंत हात पोचतो. 2004 मध्ये आलेल्या एफ430 मध्ये बेल्ट नाहीच, चेन आहे. एफ355 आणि 360 चे बेल्ट साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलतात, मग गाडी हजार किलोमीटर चाललेली असली तरी. पोर्शे 944 मध्ये टायमिंग बेल्टसोबत बॅलन्स शाफ्टचाही बेल्ट आहे आणि दोन्ही एकदमच बदलायचे. उलट पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-5 चं 1.6 लिटरचं इंजिन बेल्ट तुटला तरी सहसा वाचतं, गाडी रस्त्यात बंद पडते एवढंच.

बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून भावाची बोलणी करा. ‘मागच्या मालकाने केलं होतं म्हणे’ हे बिल नव्हे.

मीटरवरचा आकडा खरा आहे हे कसं कळणार?

एका खुणेवर विश्वास ठेवू नका, सगळ्या एकमेकींशी जुळतात का ते पाहा. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगवर हात ठेवायची जागा, गिअरची मूठ, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची उशी, जिच्यावर घासून माणूस आत-बाहेर करतो. 20,000 किलोमीटरच्या गाडीत ती चेपलेली, तडे गेलेली असेल तर शंका घ्या. पेडलचं रबर कोरं करकरीत आणि सीट मात्र थकलेली, हे त्याहून वाईट लक्षण. काचांवर बनवल्याच्या तारखेची खूण असते, सीटबेल्टच्या खालच्या टोकाला तारखेची चिठ्ठी असते. त्या गाडीच्या वर्षाशी जुळायला हव्यात.

जुन्या काट्याच्या मीटरची आणखी एक भानगड आहे. काहींत पाचच आकडे असतात. 99,999 नंतर ते शून्यावर येतात, म्हणजे 22,000 दाखवणारी गाडी 1,22,000 चाललेली असू शकते. आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कित्येक जर्मन गाड्यांत, पोर्शे 944 धरून, मीटरच्या आतला प्लॅस्टिकचा छोटा दातेरी गिअर तुटतो. स्पीड दिसत राहतो, किलोमीटर मोजणं थांबतं. त्या अवस्थेत गाडी कित्येक वर्षं चाललेली असते. टेस्ट ड्राइव्हला आकडा पुढे सरकतो का ते पाहाच.

डिजिटल मीटर मागे घेणं तर आणखी सोपं. पण नंतरच्या गाड्यांचं इंजिन कंट्रोल युनिट बऱ्याच गोष्टी लक्षात ठेवतं. पोर्शे 996 आणि 997 (911 च्या दोन पिढ्या) मधून इंजिन किती तास चाललं आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं गेलं हे काढता येतं. किलोमीटरला तासांनी भागा. 40,000 किलोमीटर आणि 1,000 तास म्हणजे सरासरी ताशी 40, हे पटतं. 20,000 किलोमीटर आणि 1,500 तास म्हणजे ताशी 13 च्या आसपास. इतकी हळू स्पोर्ट्स कार कुणी चालवत नाही. अशा वेळी शांतपणे विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर निघा.

सर्व्हिस बुकवर सगळे शिक्के आहेत. पुरे ना?

शिक्क्यापेक्षा बिल मोलाचं. बिलावर तारीख, किलोमीटर आणि बदललेला पार्ट असतो. बिलं तारखेनुसार लावा आणि शेजारी किलोमीटर लिहा. गाडीचं आयुष्य समोर दिसायला लागतं: इथे दर वर्षी सर्व्हिस, इथे सहा वर्षांची पोकळी, इथे मालक बदलला. त्या पोकळीत काय झालं हाच तुमचा पुढचा प्रश्न.

गाडी पाहायला जाताना काय लक्षात ठेवू?

एक गोष्ट आधीच फोनवर सांगा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा, इंजिन मागे असेल तर मागच्या झाकणावर. गरम लागलं तर कारण विचारा.

थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले काही सेकंद फार बोलके असतात. ऑइलचा दिवा किती वेळाने विझला, चेनचा खडखडाट आला का आणि लगेच थांबला का, एखादा सिलिंडर मिसिंग करतोय का, मागून धूर कुठल्या रंगाचा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत दिसणारी पांढरी वाफ विरते, पण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरत असण्याची शक्यता आहे. ऑइलचं झाकण उघडून आत साय धरल्यासारखा पिवळट थर आहे का बघा. फक्त झाकणावर थोडा असेल तर छोट्या फेऱ्यांची ती खूण, डिपस्टिकवरही असेल तर काळजीचं कारण.

मग होजपाइप. इंजिन थंड असताना चिमटीत दाबून पाहा. चांगला पाइप दबतो आणि परत येतो. लाकडासारखा कडक किंवा टोकाशी लिबलिबीत असेल तर सगळे बदलायचे, कारण एकाचं जे वय तेच बाकीच्यांचं.

गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय व्यवहार करू नका. चकचकीत पेंटखाली काय आहे ते तिथेच कळतं. पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 मध्ये कापडी छतावरचं पाणी सीटच्या मागच्या छिद्रांतून खाली जातं. ती छिद्रं पाल्यापाचोळ्याने तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साचतं आणि मागच्या चाकापुढचा पत्रा आतून सडतो. बाहेरून फक्त रंगाला बारीक फुगे आलेले दिसतात.

तपासणी कुणाकडून करून घ्यावी आणि त्यात काय हवं?

त्याच मॉडेलवर नेहमी हात चालणाऱ्या मेकॅनिककडून, आणि तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा. सिलिंडर दाब नीट धरतात का हे सांगणाऱ्या कम्प्रेशन आणि लीक-डाउन या दोन चाचण्या मागा. फार वर्षं उभ्या असलेल्या गाडीत प्लग काढून बारीक कॅमेऱ्याने सिलिंडरच्या भिंती पाहायला सांगा, तिथे गंज धरलेला असू शकतो. कित्येक वर्षं फिरलंच नसेल अशा इंजिनाला थेट सेल्फ मारू देऊ नका. प्लगच्या छिद्रांतून थोडं ऑइल सोडून आधी हाताने फिरवून पाहतात.

ठरावीक मॉडेलचे ठरावीक दोष असतात म्हणतात. कोणते?

असतात, आणि कमी रनिंगने ते टळत नाहीत. पोर्शे 986 बॉक्स्टर आणि 996 च्या साध्या 911 मध्ये इंटरमीडिएट शाफ्टचं (क्रँकशाफ्टकडून कॅमशाफ्टकडे फिरणं पोचवणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग जातं आणि इंजिन सोबत घेऊन जातं. एकेरी रांगेचं बेअरिंग दुहेरीपेक्षा जास्त धोक्याचं. या इंजिनांवर काम करणारे बरेच जण उभ्या गाडीपेक्षा नियमित चालणारी गाडी सुरक्षित मानतात. 996 टर्बो आणि जीटी3 चं इंजिन वेगळं आहे, त्यांना हा दोष नाही. 2009 च्या मॉडेलपासून नव्या इंजिनात तो शाफ्टच काढून टाकला.

बीएमडब्ल्यू ई46 एम3 मध्ये मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा) जिथे बसते तो पत्रा चिरतो, आणि सुरुवातीच्या इंजिनांचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग कंपनीला गाड्या परत बोलावून बदलावे लागले होते. माझदा आरएक्स-8 चं रोटरी इंजिन सुरू करून लगेच बंद केलं की पेट्रोलने भिजतं, आणि त्याच्या रोटरच्या टोकांवरचे एपेक्स सील तपासायला रोटरीचाच कम्प्रेशन मीटर लागतो.

एअरबॅगचं विसरू नका. ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमधली रासायनिक पूड उष्णता, दमटपणा आणि वय यांनी बिघडते आणि स्फोटात धातूचे तुकडे उडतात. वाहन उद्योगातलं आजवरचं सगळ्यात मोठं रिकॉल त्यापायी झालं. एक किलोमीटरही न चाललेल्या गाडीला हा धोका असतो. चासी नंबर देऊन कंपनीकडे चौकशी करा, काम फुकट होतं.

जुने मूळ पार्ट बदलले तर गाडीची किंमत पडते का?

टायर, होजपाइप, बेल्ट, बुश हे बदलल्याने समजूतदार गिऱ्हाईक खूशच होतं. मूळ चाकं, रेडिओ, सायलेन्सर काढलेत तर फेकू नका, चिठ्ठी लावून ठेवा.

मग कमी धावलेली घ्यावी की जास्त धावलेली पण सांभाळलेली?

तुम्हाला गाडी चालवायची असेल तर दुसरी. कमी आकड्यासाठी जे जास्तीचे पैसे मोजता ते तुम्ही चालवाल तसे वितळत जातात. प्रत्येक फेरीला मीटरकडे बघत बसण्याची वेळ येते आणि शेवटी गाडी पुन्हा कव्हरखाली जाते. असं झालेले मालक पुष्कळ आहेत आणि त्यांचं मला वाईट वाटतं, कारण ज्यासाठी गाडी घेतली तेच राहून गेलं.

कमी धावलेली घ्यायला दोन कारणं पुरेशी आहेत. गाडी संग्रहात ठेवायची आहे हे मनाशी ठरलेलं असेल, किंवा उभं राहिल्याने लागलेलं सगळं काम मागच्या मालकाने करून घेतलं असेल आणि त्याची बिलं असतील. दुसऱ्या प्रकारची गाडी मिळाली तर सोडू नका. काम झालेलं नसेल तर टायर, बेल्ट, सगळी तेलं, होजपाइप, पेट्रोलचे पाइप, ब्रेक आणि बुश यांचा अंदाज मेकॅनिककडून लिहून घ्या आणि ती रक्कम मागितलेल्या भावात जोडा. ती बेरीज आणि जास्त धावलेल्या, सांभाळलेल्या गाडीचा भाव शेजारी शेजारी ठेवा.

पार्ट मिळतील का?

व्यवहाराआधीच शोधा, विशेषतः इलेक्ट्रॉनिक भाग, काचा आणि आतलं प्लॅस्टिक. इंजिनाचे भाग बहुधा मिळतात, डॅशबोर्डचं एक बटण मिळत नाही. काही कंपन्या जुने पार्ट पुन्हा बनवू लागल्या आहेत: निसानने 2017 मध्ये आर32 स्कायलाइन जीटी-आरसाठी सुरुवात केली, टोयोटाने त्यानंतर ए70 आणि ए80 सुप्रासाठी.

घेतली. आता पहिले काही महिने काय करू?

मागच्या मालकाने काहीही सांगितलेलं असो, सगळी तेलं आणि फ्लुइड बदला, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. मग छोट्या फेऱ्या करा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, जोर हळूहळू वाढवा. प्रत्येक फेरीनंतर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी कुठे कशाचा डाग पडला ते पाहा. पहिलं ऑइल लवकरच, हजारभर किलोमीटरला, पुन्हा बदला आणि फिल्टर कापून आत धातूची चमक आहे का ते मेकॅनिकला दाखवा. या काळात सील गळतील, एखादा सेन्सर जाईल, एखादा कॅलिपर अडकेल. त्यासाठी पैसे बाजूला ठेवूनच गाडी घरी आणा, आणि लांबचा प्रवास पहिल्या हजार किलोमीटरनंतरच ठरवा.